आकाशातून आलेली ताकद रक्तात कुणी नेली?

२८ मार्च २०२५ ला ‘क्रिश ४’ची घोषणा झाली. हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शन करणार, राकेश रोशन आणि आदित्य चोप्रा निर्मिती करणार, अशी बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन धडकली. त्या संध्याकाळी नाशिकरोडच्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके नुसतीच उघडी राहिली आणि वाद भलत्याच विषयावर पेटला. कुणी म्हणाले, तिसऱ्या भागाने सगळी वाट लावली, आता चौथा काढूच नये. कुणी म्हणाले, ती तर ‘एक्स-मेन’ची नक्कल होती, व्हीएफएक्स बरे असते तर चालून गेले असते. एकाचे म्हणणे होते, बाकी काही नको, फक्त जादूला परत आणा.

कोपऱ्यात आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि सुनावले, “अरे पोरांनो, तिकडे तुमच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि तुम्ही पिक्चरवर भांडताय?” त्यावर एक पोरगा हळूच म्हणाला, “काका, दिवसभर तेच तर करतो. पाच मिनिटं भांडू द्या ना.”

आम्हाला यातली एकही बाजू पटलेली नाही. काकांची नाही, आणि व्हीएफएक्सवर सगळे खापर फोडणाऱ्या मित्रांचीही नाही.

आधी काकांशी बोलतो. काका, १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची अंतराळयानाची मालिका सुरू झाली. तिच्यात उहुरा नावाच्या अधिकाऱ्याचे काम निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री करत होती. पहिल्या सीझननंतर ती मालिका सोडायला निघाली होती. तेव्हा एका कार्यक्रमात तिची गाठ मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी पडली आणि त्यांनी तिला मालिका सोडू नकोस असे सांगितले, ही हकिकत तिने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. मोर्चे, तुरुंगवास, धमक्या या सगळ्यांतून जाणाऱ्या माणसाला टीव्हीवरच्या एका भूमिकेसाठी वेळ काढावासा वाटला. कारण भविष्यकाळाच्या चित्रात आपला माणूस यानाच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला आहे की नाही, ही बाब त्यांना क्षुल्लक वाटली नाही. पुढे १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिनेही उहुराचे ऋण मान्य केले. आणि एवढे लांब जायचे नसेल तर भीमराव कर्डकांचा जलसा आठवा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा आठवा. गाणे आणि गोष्ट ही फावल्या वेळातली करमणूक आहे असे आपल्या चळवळीने कधीच मानलेले नाही. मग आजची पोरे ज्या गोष्टी पाहून वाढली, त्यांची चिकित्सा आपण का सोडायची?

आता गोष्ट पाहू. ८ ऑगस्ट २००३ ला ‘कोई... मिल गया’ प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वस्तीत एकाच्या घरी सीडी प्लेअर होता. भाड्याने आणलेली सीडी, दहा बाय दहाची खोली, खिडकीत लोंबकळणारी डोकी. रोहित मेहरा हा वयाने मोठा झालेला पण बुद्धीने लहान राहिलेला मुलगा, आपल्यापेक्षा कितीतरी लहान पोरांच्या वर्गात बसतो. कॉम्प्युटरच्या तासाला मास्तर त्याचा सगळ्यांसमोर अपमान करतात. बड्या बापाची पोरे त्याला खेळात घेत नाहीत, त्याची टर उडवतात.

आमच्यापैकी कुणालाही हे समजावून सांगावे लागले नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेले गोणपाट आम्ही तेव्हा वाचले नव्हते, पण वर्गात शेवटच्या बाकावर बसवणे म्हणजे काय, ‘तुम्हाला काय, फी माफच’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते, हे माहीत होते. म्हणून तो निळा पाहुणा यानातून मागे राहिला आणि नेमका रोहितच्या हाती लागला, तेव्हा त्या खोलीत जो आरडाओरडा झाला तो केवळ सिनेमाचा नव्हता. एवढ्या मोठ्या विश्वातून कुणीतरी आले आणि त्याने मैत्रीसाठी हुशार, गोऱ्या, मोटरसायकलवाल्या पोरांना निवडले नाही!

लक्षात घ्या, रोहितला मिळालेली ताकद त्याच्या रक्तातून आलेली नव्हती. बापाचा कॉम्प्युटर घरात होता हे खरे, पण कॉम्प्युटर हे साधन आहे, ते कुणालाही शिकता येते. ताकद आली ती एका परक्याशी झालेल्या मैत्रीतून आणि सूर्यप्रकाशातून. ऊन सगळ्यांच्या दारात पडते, आमच्या पत्र्यावर जरा जास्तच पडते.

आज वयाच्या तिशीत तोच सिनेमा पाहताना आम्हाला त्यातल्या खोडीही दिसतात, त्या लपवायचे कारण नाही. परग्रहाला पाठवायचा संदेश कोणता, तर ‘ओम’. अख्ख्या विश्वाशी बोलायला या देशातल्या एका परंपरेचा एक ध्वनी पुरतो, बाकीच्यांच्या भाषा-ध्वनींचा पत्ताच नाही. विज्ञानकथेतल्या पाहुण्याचे नाव काय, तर ‘जादू’! आणि सगळ्यात खोल खोड अशी की रोहितला माणूस म्हणून मान मिळायला आधी त्याला असामान्य व्हावे लागते. तो जसा होता तसाच राहिला असता तर ती पोरे त्याला हसतच राहिली असती, आणि सिनेमालाही त्याचे काही वाटले नसते. ही अट आमच्या ओळखीची आहे. आमच्या पोरांनी नव्वद टक्के मिळवले, परदेशी शिष्यवृत्ती मिळवली, कलेक्टर झाली, की मग त्यांचा सत्कार होतो. पंचावन्न टक्क्यांच्या पोराचा माणूसपणा मात्र कायम तपासणीखाली. समाजशास्त्र शिकताना वर्गात आम्ही ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना घोकली, पण तिचा अर्थ रोहितच्या बास्केटबॉलच्या सामन्यात आधीच पाहिलेला होता.

तरीही पहिल्या भागाचा मुख्य आशय मुक्तीचा होता, हे आम्ही ठासून सांगतो. ज्याला कुणी माणसात धरत नाही त्याच्याच अंगणात आकाश उतरले.

मग २३ जून २००६ ला ‘क्रिश’ आला. रोहितचा मुलगा कृष्णा. त्याला कुणी भेटले नाही, त्याने कशाचा शोध घेतला नाही, कुणाशी मैत्री केली नाही. तो जन्मतःच ताकद घेऊन आला. का? तर बापाकडे होती म्हणून. नाव कोणते ठेवले तेही पाहा. पाहुण्याने मैत्रीखातर दिलेली भेट एका पिढीत घराण्याची मालमत्ता झाली. आम्ही तेव्हा टाळ्याच वाजवल्या, कारण उड्या जबरदस्त होत्या आणि सिंगापूर पाहायला मिळाले. शिवाय त्या भागात एक चांगली गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे मुखवटा. सर्कशीला आग लागते तेव्हा कृष्णा तुटलेला मुखवटा चढवून पोरांना वाचवतो, आणि नंतर एका मित्राच्या बहिणीच्या उपचाराला पैसे मिळावेत म्हणून ‘क्रिश म्हणजे मी नाही, हा’ असे लोकांना समजू देतो. म्हणजे मुखवट्यामागे कुणीही असू शकते ही शक्यता कथेत जिवंत होती.

१ नोव्हेंबर २०१३, दिवाळीचे दिवस, ‘क्रिश ३’. याच भागावर आमची पोरे सर्वात जास्त चिडलेली आहेत. आणि त्यांचा राग बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेले कारण चुकीचे आहे.

या भागात काय काय रक्ताचे झाले ते मोजा. मुंबईत विषाणू पसरतो, माणसे पटापट मरतात, पण मेहरा कुटुंबाला काही होत नाही. औषध कशापासून तयार होते? क्रिशच्या रक्तापासून. अख्खे शहर एका घराण्याच्या रक्ताने वाचते. खलनायक काल हा कोण? त्याच रोहितच्या डीएनएपासून प्रयोगशाळेत जन्मलेला, अपंग म्हणून अनाथाश्रमात टाकलेला मुलगा. म्हणजे एकाच बापाची दोन पोरे: घरात वाढलेला, मान्यता मिळालेला तो देव, आणि टाकून दिलेला, चालता न येणारा तो राक्षस. शेवटी क्रिशला मूल होते आणि त्या तान्ह्या बाळातही ताकद आहे हे आवर्जून दाखवले जाते. तीन सिनेमांत आजोबा, मुलगा, नातू, पणतू! वंशावळ पूर्ण.

आणि ते मानवर. मानव अधिक जानवर, मानवर. कालने आपला डीएनए प्राण्यांच्या डीएनएत मिसळून बनवलेले जीव. सगळे हिडीस, सगळे घातक, सगळे मारून टाकण्याच्या लायकीचे. त्यातली काया ही एकटी थोडी सुधारते, कारण ती नायकाच्या प्रेमात पडते, आणि तिलाही मरावेच लागते. मिसळले की विकृती जन्मते, हा विचार कुठला? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. वर्णसंकराची लांबलचक यादीच आहे तिथे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला चांडाळ ठरवून गावाबाहेर हाकलणारा तोच अध्याय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्याची राख २०१३ साली आमच्या पोरांच्या पॉपकॉर्नवर पडत होती आणि आम्हाला वाटत होते की ग्राफिक्स कच्चे आहे.

दहा वर्षांत केवढी उलटापालट झाली बघा. २००३ मध्ये वेगळ्या शरीराचा, वेगळ्या रंगाचा, भाषा न येणारा पाहुणा हा मित्र होता. २०१३ मध्ये वेगळ्या शरीराचा प्रत्येक जण शत्रू झाला. (त्याच २०१३ मध्ये, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. विज्ञानाच्या नावाने कोट्यवधींचा सिनेमा निघत होता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन सांगणारा माणूस सकाळी फिरायला गेला असताना मारला जात होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आमच्या आठवणीत त्या एकाच वर्षात शेजारी-शेजारी आहेत.)

आता कुणी म्हणेल, काहीही ताणता राव, सिनेमा काढणाऱ्याने काय मनुस्मृती समोर ठेवून पटकथा लिहिली? नाही लिहिली. आमचा मुद्दाच तो आहे. पुस्तक न वाचता ते हाताला वळण लावते. निर्माता-दिग्दर्शक वडील, नायक मुलगा, संगीतकार काका, अशा घरात बनलेल्या सिनेमाला ताकद वारशाने येते ही गोष्ट अगदी नैसर्गिक वाटली तर नवल काय? यात त्या घरातल्या माणसांच्या मेहनतीवर आम्हाला काही बोलायचे नाही. ज्या धंद्यात बापाचा हात धरूनच आत जाता येते, त्या धंद्याची गोष्टही तशीच होणार, एवढेच.

तिसऱ्या भागाचे समर्थक एक प्रसंग पुढे करतात. क्रिश पोरांना मनगटातला बँड देतो आणि सांगतो की जो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो प्रत्येक जण क्रिशच. छान आहे. पण बँड मिळाला म्हणून त्या पोराला उडता येते का? विषाणू आला की बँडवाली पोरे वाचतात का? नाही. बँड सगळ्यांना, रक्त एकाला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ज्या विसंगतीचा इशारा दिला होता, ती हीच. राजकारणात सगळ्यांना समान मत देणार आणि सामाजिक, आर्थिक जीवनात असमानता तशीच ठेवणार, असे किती दिवस चालवणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दलही बजावले होते, की ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि ‘क्रिश ३’मध्ये काय आहे? शहराच्या मधोमध क्रिशचा भलामोठा पुतळा आणि त्याच्याभोवती नाच-गाणे.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. ‘स्टार वॉर्स’चे चाहते तर आपल्या पोरांपेक्षा जुने आणि जास्त चिडके आहेत. १९७७ साली सुरू झालेल्या या मालिकेत ‘फोर्स’ ही सगळ्या सजीवांना जोडणारी शक्ती होती. १९९९ च्या भागात ती रक्तातल्या सूक्ष्म घटकांच्या संख्येवर मोजायला सुरुवात झाली. म्हणजे रक्ततपासणी करून ठरवायचे कोण लायक. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘द लास्ट जेडाय’ने हे उलटे फिरवले. नायिका रे हिचे आईबाप कुणीच नव्हते, साधी, नाव नसलेली माणसे होती. सिनेमा संपतो तो तबेला झाडणाऱ्या एका गुलाम पोरावर, त्याच्या हाताकडे झाडू आपोआप सरकतो. आम्ही हा शेवट पुन्हा पुन्हा पाहिला आहे. झाडू हातात असलेल्या पोराकडे विश्वाची शक्ती! आमच्यासाठी याहून मोठे दृश्य त्या मालिकेत नाही.

पण याच भागावर चाहत्यांचा एक मोठा गट तुटून पडला. सगळ्यांचीच टीका वाईट हेतूची होती असे आम्ही म्हणत नाही, कथेतल्या ढिलाईवर बोलणारेही होते. मात्र रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रान या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीला वंशद्वेषी शिव्यांमुळे २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकाव्या लागल्या. डिसेंबर २०१९ च्या पुढच्या भागात तिची भूमिका अगदी नावापुरती उरली, आणि रे ही कुणाचीच नाही हे काही टिकले नाही. ती निघाली सम्राट पॅल्पाटिनची नात! नंतर २०२० मध्ये कृष्णवर्णीय अभिनेता जॉन बोयेगा यानेही उघड सांगितले, की गोऱ्या नसलेल्या कलाकारांना जाहिरातीत पुढे केले आणि कथेत बाजूला सारले.

तेव्हा चाहत्यांची नाराजी एकच नसते. एकाला राग येतो, कारण त्याच्या राज्यात झाडूवाला घुसला. दुसऱ्याला राग येतो, कारण झाडूवाल्याला दार दाखवून पुन्हा राजाच्या नातीला बसवले. दोघेही ‘मालिका बिघडली’ असेच म्हणतात. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी आपला राग यातला कोणता ते ओळखावे, एवढ्यासाठी हे लांबण लावले.

आणि हो, ‘ब्लॅक पँथर’ला यातून सूट नाही. २०१८ साली तो आला तेव्हा ‘जय भीम, वाकांडा फॉरएव्हर’ असे स्टेटस आम्हीही ठेवले होते. दलित पँथरची पोरे आहोत, नावानेच उर भरून आला. पण वाकांडात राजाच आहे, राजघराणेच आहे, सिंहासनासाठी द्वंद्व आहे. इतके प्रगत विज्ञान असलेल्या देशात निवडणूक नाही? टाळी वाजवताना हा प्रश्नही विचारायला हवा होता, आम्ही नाही विचारला.

आपल्याकडे याचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. राहुल बापाकडे वारसा मागायला गेला तेव्हा तथागतांनी त्याला राज्य दिले नाही, संघात घेतले. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा उपाली न्हाव्याला आधी दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. आणि उत्तराधिकारी कोण हा प्रश्न आला तेव्हा तथागतांनी कुणालाच नेमले नाही, धम्मच मार्गदर्शक राहील असे सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी यावर मुद्दाम भर दिला आहे. नाशिकच्या माणसाला हे सांगायला पुस्तकही लागू नये. त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशी बुद्धविहार आहे आणि त्याला लागूनच दादासाहेब फाळके स्मारक. रविवारी आमची पोरे एकाच फेरीत दोन्हीकडे जातात. १९१३ साली सिनेमा सुरू करणाऱ्या त्र्यंबकच्या माणसाने पहिला विषय निवडला तोही एका राजाचा.

आता काकांना आवडेल असे बोलतो, म्हणजे आपल्या घरातले.

रक्ताची भाषा फक्त रोशन आणि हॉलिवूडवाले बोलतात का? १४ एप्रिलच्या रील काढून पाहा. ‘आमच्या रक्तातच भीम आहे’ या अर्थाची वाक्ये किती सापडतात ते मोजा. आम्हीही ती लिहिली आहेत, फ्लेक्सवर छापली आहेत. बाबासाहेबांनी ‘जातिसंहारा’त जातीमागे वंशशुद्धी आहे हा दावा खोडून काढला आणि आम्ही त्यांनाच रक्तात नेऊन ठेवले. कोलंबियाच्या ग्रंथालयातला माणूस रक्तात कसा येणार? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्यानंतर त्याचे किती ‘भाग’ निघाले आणि प्रत्येक भागाच्या वेळी जुना प्रेक्षक कसा हिरमुसला, हे काकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फ्लेक्सवर नेत्याच्या शेजारी नेत्याच्या पोराचा फोटो नेत्याएवढाच मोठा का असतो? वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचा फोटो खाली, पासपोर्ट साइजचा, तोही वर्गणी दिली असेल तर. ‘क्रिश ३’वर चिडणाऱ्या पोरांनी तो फ्लेक्सही त्याच नजरेने वाचावा.

मग आमची मागणी काय? ‘क्रिश ४’वर बहिष्कार वगैरे काही नाही. आम्ही तिकीट काढून जाणार, शिट्ट्याही मारणार. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘कोई... मिल गया’ वीस वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा आमची मोठी झालेली पिढी पुन्हा रडलीच ना. पण चांगला व्हीएफएक्स द्या, मोठे बजेट द्या, एवढ्यावर समाधान मानू नका. जादू परत येणार असेल तर विचारा, या वेळी तो कुणाच्या दारात उतरणार? परत मेहरांच्याच बंगल्यात?

दुसरा प्रश्न आम्हालाच आहे. मराठीत विज्ञानकथा आहे, पण तिच्यात आपली वस्ती कुठे आहे? डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष जयंत नारळीकर. विज्ञानकथाकाराला मिळालेला तो मान होता, प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते आणि आम्ही अर्थातच तिकडे सतरंज्या घालत होतो. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून. मोठ्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून. पहिले बक्षीस मिळाले. नावाचा वारसा बाजूला ठेवून लिहिणे, मराठी विज्ञानकथेच्या एवढ्या मोठ्या लेखकाची सुरुवात अशी आहे.

याच नाशिकच्या विहितगावचे बाबुराव बागूल. १९६३ साली त्यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आले. त्यातल्या नायकालाही आपली ओळख झाकावी लागते. पण त्याला भाड्याची खोली हवी असते, आणि ओळख कळल्यावर बक्षीस मिळत नाही, मार मिळतो. एकाने नाव झाकले कारण ते फार मोठे होते, दुसऱ्याने झाकले कारण त्याशिवाय निवारा नव्हता. नारळीकरांचे अवकाश आणि बागूलांची खोली यांची एकाच कथेत गाठ पडली असे आम्ही तरी अजून वाचलेले नाही. ते काम कुणी करायचे? हॉलिवूडने?

अभ्यासिकेतली एक मुलगी सध्या अशी एक कथा लिहिते आहे. तिची आई ठेकेदाराकडे सफाईकाम करते. कथेत यान उतरते ते पाथर्डीच्या खत प्रकल्पापाशी, पहाटे, घंटागाड्या रिकाम्या होत असताना. पहिला भाग तिने आम्हाला वाचून दाखवला आणि मग विचारले, “दादा, ताई, पुढच्या भागात तिच्या पोरीला ताकद द्यायची नाही. मग ती पोचवायची कशी?” यावर रात्री साडेदहापर्यंत वाद झाला. काकाही थांबले होते. शाळा काढा म्हणाले. एकाने सुचवले, यानाच्या दारात टोकन ठेवा, रेशनसारखे. तिला दोन्ही पटले नाही. वॉचमनने दिवे घालवले तेव्हा यान प्रकल्पाबाहेरच उभे होते, दार उघडे, आणि आत कोण पहिले जाणार हे तिने अजून लिहिलेले नव्हते.

जय भीम.